सेकंद घसरतो कुठे? एटमेगा ३२८पीचा टायमर आणि क्रिस्टल बिनचूक लावण्याची रीत

एटमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर (अर्डुइनो उनो बोर्डाची मुख्य चिप) बनवलेले घड्याळ मागे पडायला लागले की पहिला संशय क्रिस्टलवर, म्हणजे चिपला ठोके देणाऱ्या भागावर जातो. नवीन क्रिस्टल येतो, तो बसतो, आणि घड्याळ पूर्वीइतकेच मागे पडत राहते. म्हणून सोल्डरिंग गन तापवण्याआधी कागदावर दोन मिनिटांचा हिशेब करा.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. तेव्हा १ पीपीएमची चूक दिवसाला ०.०८६४ सेकंद होते. दुकानात मिळणारा साधा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ±३० पीपीएमचा धरला तरी तो दिवसाला फार तर अडीच-पावणेतीन सेकंद चुकेल. घड्याळ दिवसाला मिनिटभर चुकत असेल तर ती चूक ६९४ पीपीएमची झाली. इतका वाईट क्रिस्टल शोधूनही सापडणार नाही. चूक कोडमध्ये आहे, किंवा बोर्डावर मुळात क्रिस्टलच नाही.

दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते. अस्सल अर्डुइनो उनो आर३ वर एटमेगा ३२८पीला ठोके देणारा भाग क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर आहे. बोर्डावर चमकणारा धातूचा क्रिस्टल दिसतो तो शेजारच्या यूएसबी चिपचा. स्वस्त क्लोनवर सीएच३४०जी चिप असते, तिच्याजवळच्या क्रिस्टलवर १२.००० असे लिहिलेले दिसेल. तोही मुख्य चिपचा नव्हे. सिरॅमिक रेझोनेटरची सहनमर्यादा ±०.५ टक्के, म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत दिवसाला ७ मिनिटे १२ सेकंद. एलईडी लुकलुकवायला आणि सिरियलवर बोलायला हे पुरते, घड्याळाला नाही. चिपमधल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरची (रेझिस्टर-कॅपॅसिटरने ठोके काढणाऱ्या भागाची) फॅक्टरी कॅलिब्रेशननंतरची हमी तर ±१० टक्क्यांचीच आहे.

चुका दोन जातींच्या असतात हे डोक्यात पक्के बसवा. एक मोजण्यातली, दुसरी ज्याने मोजतो त्या मापातली. पहिली शून्यावर आणता येते आणि आणायलाच हवी. दुसरी शून्य होत नाही, पण मोजून वजा करता येते. क्रम उलटा केलात तर हाती काही लागत नाही.

मोजण्यातली चूक

डिले फंक्शन घड्याळासाठी वापरू नये, हे सगळ्यांना माहीत असते: एक हजार मिलिसेकंद थांबल्यावर पुढच्या ओळींना लागणारा वेळ त्यात मिळतो आणि साचत जातो. मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारे फंक्शन) वापरणारेही याच खड्ड्यात पडतात, फक्त जरा सावकाश. सेकंद झाला का हे तपासून झाल्यावर ‘मागचा = मिलिस()’ असे लिहिले की तपासणीला जितका उशीर झाला तितका कायमचा गेला. ‘मागचा += १०००’ लिहा. उशीर झालाच तर पुढचा सेकंद तेवढा लवकर येतो आणि हिशेब जुळतो. एका ओळीच्या या फरकावर अनेक घड्याळे दुरुस्त झाली असती.

मिलिसवर मात्र उगाच आळ घेतला जातो. १६ मेगाहर्ट्झवर चिपमधला टायमर झिरो ६४ च्या प्रिस्केलरने (ठोके आधी भागून देणाऱ्या भागाने) चालतो आणि दर १,०२४ मायक्रोसेकंदांनी भरून वाहतो. वरचे २४ मायक्रोसेकंद बाजूला साठवले जातात आणि पुरेसे साठले की मिलिसचा आकडा एकदम दोनने पुढे जातो. त्यामुळे एखादा आकडा गाळल्यासारखा दिसतो, पण दीर्घकाळात तो घड्याळाच्या स्रोताइतकाच अचूक असतो.

खरा घात होतो तो टायमर हाताने परत भरण्यात. डिप्लोमाला ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर शिकलेल्यांच्या बोटांत ही सवय बसलेली असते: ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, मोड वन, टायमरच्या टीएच या रजिस्टरमध्ये हेक्स ४सी, टीएल मध्ये ००, की झाले ५० मिलिसेकंद. २० वेळा झाले की सेकंद. आकडे बरोबर आहेत. ११.०५९२ ला १२ ने भागले की सेकंदाला ९,२१,६०० मशीन सायकल, त्यातल्या ४६,०८० म्हणजे ५० मिलिसेकंद. पण टायमर शून्यावर आला की तो तिथे थांबून वाट पाहत नाही, पुढे मोजतच राहतो. इंटरप्ट (चालू काम थांबवून टायमरचे काम करायला लावणारा इशारा) लागेपर्यंत, रजिस्टर स्टॅकवर जाईपर्यंत आणि नवे आकडे भरेपर्यंत समजा ८ सायकल गेल्या, तर भरताना त्या ८ पुसल्या जातात. ८ सायकल म्हणजे ८.६८ मायक्रोसेकंद, आणि ते दर ५० मिलिसेकंदांना. १७४ पीपीएम, दिवसाला १५ सेकंद. क्रिस्टल बिचारा निर्दोष. ८०५१ च्या घराण्यातली ८९एस५२ चिप असेल तर टायमर टूचा १६ बिटांचा ऑटो-रिलोड वापरा. आरकॅप२ च्या दोन रजिस्टरांत तेच ४सी आणि ०० टाका, हार्डवेअर स्वतः भरते आणि चूक शून्य होते.

एटमेगावर याच कामाला सीटीसी मोड आहे. टायमर ओसीआर१ए या रजिस्टरमधल्या आकड्यापर्यंत मोजतो आणि स्वतःच शून्यावर येतो. इंटरप्टला पोचायला उशीर झाला तरी मोजणी तिच्या गतीने चालू असते. उशिराने फक्त तो एक ठोका थोडा मागेपुढे होतो, तो पुढे साचत नाही.

सूत्र: क्रिस्टल भागिले प्रिस्केलर भागिले हवी ती वारंवारता, वजा एक. १,६०,००,००० ला २५६ ने भागले की ६२,५००. सेकंदाला एक ठोका हवा तर ओसीआर१ए मध्ये ६२,४९९. ती वजा एक विसरलात तर १६ पीपीएमची चूक पदरात पडते, कारण शून्यसुद्धा एक मोजणी आहे. १,०२४ चा प्रिस्केलर घेतला तर आकडा १५,६२४ येतो. दोन्हींत भागाकार पूर्ण जातो. तो जात नसेल अशा जोड्या टाळा, किंवा खाली दिलेला बेरजेचा उपाय वापरा.

सेटअपमध्ये या क्रमाने लिहा (टीसीसीआर१ए वगैरे ही टायमर वनच्या रजिस्टरांची नावे):

इंटरप्ट बंद
टीसीसीआर१ए = ०
टीसीसीआर१बी = ०
टीसीएनटी१ = ०
ओसीआर१ए = ६२४९९
टीआयएफआर१ मध्ये ओसीएफ१ए ला १ लिहून जुना फ्लॅग पुसा
टीआयएमएसके१ मध्ये ओसीआयई१ए हा बिट १
टीसीसीआर१बी मध्ये डब्ल्यूजीएम१२ आणि सीएस१२ हे बिट १
इंटरप्ट चालू

पहिली शून्याची ओळ वगळू नका. अर्डुइनोचा गाभा तुमच्या सेटअपच्या आधीच अॅनालॉगराइटसाठी टायमर वन पीडब्ल्यूएममध्ये (पल्सची रुंदी बदलण्याच्या मोडमध्ये) टाकून ठेवतो, त्यात डब्ल्यूजीएम१० हा बिट १ झालेला असतो. तो तसाच राहिला आणि तुम्ही डब्ल्यूजीएम१२ लावलात तर सीटीसीऐवजी ८ बिटांचा फास्ट पीडब्ल्यूएम सुरू होतो. टायमर २५५ वरूनच मागे फिरतो, ६२,४९९ कधी येत नाही, एलईडी ढिम्म. कोड कितीही वेळा वाचला तरी चूक दिसत नाही, कारण ती लिहिलेल्या ओळीत नसून न लिहिलेल्या ओळीत आहे.

टायमर वन घेतला की उनोच्या ९ आणि १० नंबर पिनवरचा पीडब्ल्यूएम गेला, सर्वो लायब्ररीही गेली. टोन फंक्शन टायमर टूवर चालते, त्याला धक्का लागत नाही. टायमर झिरोला हात लावू नका, मिलिस आणि डिले त्याच्यावर आहेत.

चालू टायमरमध्ये ओसीआर१ए कमी करायची वेळ आली तर सावध राहा. नवा आकडा टीसीएनटी१ च्या मागे पडला असेल तर टायमर ६५,५३५ पर्यंत जाऊन वळसा घालून येतो. २५६ च्या प्रिस्केलरला तो वळसा एक सेकंदाहून मोठा असतो. आणि आयएसआरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, बदलणारे सेकंदाचे व्हेरिएबल व्होलटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचले जाणारे) करा. ते ८ बिटांपेक्षा मोठे असेल तर मुख्य लूपमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून त्याची प्रत घ्या. नाहीतर अर्धे जुने अर्धे नवे वाचले जाते आणि दिवसातून एखाद्या वेळी घड्याळ २५६ सेकंदांची उडी मारून परत येते. असला दोष पकडायला आठवडा जातो.

क्रिस्टल बसवताना

ब्रेडबोर्डवर सुटी चिप घेऊन करायचे असेल तर २८ पायांच्या चिपच्या ९ आणि १० नंबर पायांमध्ये १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन्ही पायांपासून ग्राउंडला एकेक सिरॅमिक कॅपॅसिटर. ७ आणि २० नंबरला ५ व्होल्ट, ८ आणि २२ नंबरला ग्राउंड, आणि दोन्ही जोड्यांवर चिपला खेटून १०० नॅनोफॅरॅडचा कॅपॅसिटर. १ नंबरचा रीसेट १० किलो ओहममधून ५ व्होल्टला.

कॅपॅसिटर सवयीने २२ पिकोफॅरॅडचे लावले जातात. हिशेब असा: क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये लोड कपॅसिटन्स दिलेला असतो. त्यातून वायरिंगचा आणि पायांचा भटका कपॅसिटन्स वजा करा, उरलेल्याची दुप्पट करा. १६ पिकोफॅरॅड लोड आणि ५ भटका धरला तर २२ येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सुटा क्रिस्टल घेतला तर डेटाशीट कुणी देत नाही. मग २२ ने सुरू करा आणि पुढे मोजून ठरवा. कॅपॅसिटर वाढवला की क्रिस्टल हळू होतो, कमी केला की वेगवान. एटमेगाची शिफारस १२ ते २२ पिकोफॅरॅडची आहे, त्याच्या फार पलीकडे जाऊ नका. ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांचा कपॅसिटन्स यात मिसळतो, त्यामुळे ब्रेडबोर्डवर जुळवलेला आकडा पीसीबीवर जसाच्या तसा लागू होत नाही.

कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर, त्यालाही ८ ने भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालते. बाहेर क्रिस्टल लावला तरी फ्यूज (वीज गेली तरी टिकणारे चिपच्या सेटिंगचे बिट) बदलल्याशिवाय ती त्याच्याकडे बघत नाही. ओळखण्याची खूण सोपी: एक सेकंदाचा एलईडी १६ सेकंदांनी बदलत असेल तर फ्यूज मूळचेच आहेत. २ सेकंदांनी बदलत असेल तर आठने भागणे बंद झाले, पण घड्याळ अजून आतलेच आहे. क्रिस्टलसाठी लो फ्यूज एफएफ करा. गोंगाटाच्या जागी, मोटार किंवा रिले शेजारी असतील तर एफ७ करा, त्याने ऑसिलेटरचा झोका पूर्ण होतो. चुकून ई० लिहिलात तर चिप बाहेरच्या तयार घड्याळाची वाट पाहत बसते आणि प्रोग्रामर तिला ओळखत नाही. ती मेलेली नसते. दुसऱ्या बोर्डाच्या टायमरमधून एखाद्या मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल ९ नंबर पायाला द्या आणि फ्यूज परत लिहा.

माप तपासणे

ऑसिलोस्कोपचा प्रोब क्रिस्टलच्या पायावर लावून वारंवारता मोजू नका. प्रोबचेच १०–१५ पिकोफॅरॅड तिथे जोडले जातात, आणि तुम्ही मोजता तो प्रोब लावलेला क्रिस्टल, तुमचा नव्हे. मोजायचेच तर टायमरने एखादी पिन हलवा आणि ती मोजा.

घरगुती साधन म्हणून विजेचे ५० हर्ट्झ वापरण्याचा मोह होतो. आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झची मुभा आहे. खालच्या टोकावर राहिली तर दिवसाला १७३ सेकंदांचा फरक. ते सोडा.

उत्तम माप म्हणजे जीपीएस. निओ ६एम या जीपीएस मॉड्यूलची पीपीएस (पल्स पर सेकंद) पिन उपग्रह सापडले की सेकंदाला एक ठोका देते, आणि तिची चूक काही दशक नॅनोसेकंदांची. काही स्वस्त मॉड्यूलवर ही पिन हेडरवर आणलेली नसते, तिथे पीपीएसच्या एलईडीच्या रेझिस्टरवरून तार काढावी लागते. ठोका ३.३ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टवरच्या एटमेगाला ‘हाय’ समजायला ३.० व्होल्ट लागतात, त्यामुळे चालते, पण फट लहान आहे. तार आखूड ठेवा.

पीपीएस उनोच्या ८ नंबर पिनला द्या, ती टायमर वनची इनपुट कॅप्चर पिन आहे. टीसीसीआर१ए शून्य, टीसीसीआर१बी मध्ये आयसीईएस१ आणि सीएस१०, टीआयएमएसके१ मध्ये आयसीआयई१. प्रिस्केलर नाही, नॉर्मल मोड. ठोका आला की हार्डवेअर त्या क्षणीचा आकडा आयसीआर१ मध्ये टिपून ठेवते. आयएसआर उशिरा पोचला तरी आकडा तोच राहतो. सगळी गंमत इथे आहे.

आता ओव्हरफ्लो (टायमर किती वेळा भरून वाहिला ते) मोजायचीही गरज नाही. १,६०,००,००० ला ६५,५३६ ने भागले की बाकी ९,२१६ राहते. लागोपाठच्या दोन आयसीआर१ मधला फरक आदर्श क्रिस्टलला ९,२१६ यायला हवा. समजा ९,३८८ येतो. १७२ जास्त, म्हणजे खरी वारंवारता १,६०,००,१७२ हर्ट्झ, क्रिस्टल १०.७५ पीपीएमने वेगवान, महिन्याला २८ सेकंद पुढे. वजाबाकी १६ बिटांच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्येच ठेवा. लाँगमध्ये घेतलीत तर मधूनच उणे ५६,१०० च्या आसपासचे आकडे दिसू लागतील. रेझोनेटरची चूक ±२,०४८ पीपीएमच्या बाहेर जाऊ शकते, तिथे मात्र ही युक्ती फसवते आणि ओव्हरफ्लो मोजावेच लागतात.

बोर्ड ज्या डब्यात शेवटी राहणार त्याच डब्यात, पंधरावीस मिनिटे चालू ठेवून मग मोजा. ६४ ठोक्यांची सरासरी घ्या.

जीपीएस नसेल तर इंटरनेटवरून वेळ घेणाऱ्या फोनशी ताडून पाहता येते. बोटाची आणि डोळ्याची चूक ०.३ सेकंद धरा. एका दिवसात ती साडेतीन पीपीएम होते, सात दिवसांत अर्धा. म्हणून घाई न करता आठवडा जाऊ द्या.

चूक वजा करणे

मिळालेला आकडा कोडमध्ये असा बसवा. टायमर वन परत सीटीसीवर, प्रिस्केलर नाही, ओसीआर१ए १५,९९९. दर १६,००० सायकलींनी आयएसआर येईल. त्यात ३२ बिटांच्या अनसाइन्ड बेरजेत १६,००० मिळवा. बेरीज १,६०,००,१७२ किंवा त्याहून जास्त झाली की तेवढे वजा करा आणि सेकंद एकने वाढवा. बेरीज शून्य करू नका, वजाच करा. शून्य केलीत तर उरलेली सुटी मोड फेकून दिली, म्हणजे ८०५१ च्या हाताने भरण्याचीच चूक नव्या कपड्यात आली. एखादा सेकंद एका मिलिसेकंदाने मागेपुढे होईल, पण वर्षभरात साचलेली चूक मोजणीची नसेल. ही रीत कोणत्याही क्रिस्टलला चालते, ११.०५९२ असो की भंगारातून निघालेला १४.७४५६.

हे सगळे एका तापमानाला खरे. थंडीत पहाटे आणि मे महिन्यात पत्र्याखाली आकडा वेगळा येईल.

३२.७६८ किलोहर्ट्झ आणि डीएस३२३१

बॅटरीवर चालवायचे असेल तर टायमर टूला घड्याळी क्रिस्टल लावता येतो. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. १२८ चा प्रिस्केलर लावला की २५६, आणि ८ बिटांचा टायमर बरोबर एका सेकंदाने भरून वाहतो. अडचण एकच: एटमेगा ३२८पीवर हा क्रिस्टल त्याच ९ आणि १० नंबर पायांवर बसतो. म्हणजे १६ मेगाहर्ट्झ सोडून मुख्य घड्याळ आतल्या ८ मेगाहर्ट्झवर न्यावे लागते. एएसएसआर या रजिस्टरमध्ये एएस२ हा बिट लावल्यावर टायमर टूची रजिस्टर परत लिहा आणि अपडेट-बिझी बिट शून्य होईपर्यंत थांबा. पॉवर-सेव्हमधून जागे होऊन लगेच परत झोपवायचे असेल तर आधी ओसीआर२ए मध्ये काहीतरी लिहून तो बिट उतरू द्या. नाहीतर चिप पुढच्या ठोक्याला जागी होत नाही.

या क्रिस्टलची ताकद मायक्रोवॅटची आहे. पायांजवळ राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात ओल धरतो, गळती वाढते आणि ऑसिलेटर अडखळतो. कोकणात हे फार दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून स्वच्छ करा, अल्ट्रासॉनिक टाकीत घालू नका. तापमानाचा नियमही याचा वेगळा: २५ अंशांपासून दूर गेलात, गरमीकडे असो वा थंडीकडे, तो हळूच होतो. अंतराच्या वर्गाला साधारण ०.०३५ ने गुणा. ४५ अंशांना १४ पीपीएम, दिवसाला १.२ सेकंद.

तापमानाशी झगडायचे नसेल तर डीएस३२३१ ही तापमानाची चूक स्वतःच भरून काढणारी घड्याळ-चिप घ्या. ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम, वर्षाला मिनिटभर. शेवटी एम असलेली आवृत्ती ±५ पीपीएमची असते, घेताना चिपवरचे नाव वाचा. त्याचा ३२ किलोहर्ट्झचा पाय उनोच्या ५ नंबर पिनला, म्हणजे टायमर वनच्या बाहेरच्या इनपुटला द्या. सीएस१२, सीएस११, सीएस१० तिन्ही बिट १, सीटीसी, ओसीआर१ए ३२,७६७. रेझोनेटरचा उनोसुद्धा मग डीएस३२३१ इतका अचूक सेकंद मोजतो. तो पाय ओपन ड्रेन आहे (फक्त खाली ओढतो, वर नाही), मॉड्यूलवर पुल-अप नसेल तर ४.७ किलो ओहम लावा. उरलीसुरली चूक हेक्स १० पत्त्यावरच्या एजिंग रजिस्टरने काढता येते: एक आकडा म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे ०.१ पीपीएम, अधिक आकड्याने घड्याळ हळू होते.

झेडएस-०४२ हे डीएस३२३१ चे सर्वत्र मिळणारे मॉड्यूल ५ व्होल्टवर लावताना सेलजवळचा डायोड किंवा त्याच्या जोडीचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका. तो मार्ग चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी आहे. दुकानदार त्यात सीआर२०३२ घालून देतो, आणि चार्ज न होणारा सेल चार्ज करत राहिले की तो फुगतो.